मागे दिलेला बॉल

फुटबॉलमध्ये एका बाजूला किती खेळाडू असतात, हे मला सहासष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं आणि त्याचं मला काही वाईटही वाटत नव्हतं. मी सातवी शिकलेली, वसईजवळ नंदाखालच्या बाजूला केळी नि पानवेलींच्या वाडीत आयुष्य गेलेली बाई. मैदान म्हणजे माझ्या लेखी पोरं जिथून फुटलेले गुडघे घेऊन घरी येतात ती जागा. पण मला तोंड आवरत नाही, लहानपणापासून आवरत नाही, आणि मी कोच झाले ती त्या तोंडामुळे. हौस वगैरे काही नव्हती. रागाने झाले.

झालं असं. गावच्या मैदानावर सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पाच ते साडेसहा मुलींचा फुटबॉल चालायचा. दहा-बारा वर्षांच्या नऊ मुली, त्यात माझी नात. तिला पोचवायला मी जायचे आणि कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लसूण सोलत बसायचे. शिकवणारा मुलगा बिचारा फुकट शिकवायचा, पण महिना-दीड महिना झाला आणि त्याला पुण्यात नोकरी लागली, गेला. पुढच्याच सोमवारी मैदान समितीचा सेक्रेटरी स्कूटरवरून आला. चाळिशीचा माणूस. त्याची स्वतःची क्रिकेटची टीम आहे आणि तिला संध्याकाळचं मैदान कमी पडतं, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"काकी, कोच नाही तर मैदान नाही," तो स्कूटरवरूनच म्हणाला. "उद्या कुणाला लागलं, तर जबाबदार कोण?"

"मग पोरींनी काय करायचं?"

"मुलींचं काय, घरीपण खेळतील. अंगण आहे ना तुमचं." मग जरा हसला. "होतं, म्हणजे."

ते 'होतं, म्हणजे' मला लागलं. बारा वर्षांपूर्वी आम्ही अर्धी वाडी बिल्डरला दिली. केळीच्या जागी आता चार मजली बिल्डिंग उभी आहे आणि गावात भांडण कसलंही असो, शेवटी माणसं त्या बिल्डिंगवर येतात. सवय झाली म्हणावं, तर होत नाही.

"कोच आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"मी."

लसणीची टोपली मांडीवर होती माझ्या. त्याने टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या नातीने तर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, लाजेने की भीतीने, कोण जाणे.

"बरं," तो म्हणाला. "महिनाअखेर आपली टुर्नामेंट आहे रविवारची. सात मुली उतरवा आणि दोनातली एक तरी मॅच काढा. काढलीत तर मे महिन्यापर्यंत तुमचे तीन दिवस तुमचे. नाही काढलीत तर मग काकी, मला बोलायचं नाही." आणि गेला स्कूटर उडवत.

सगळं ऐकत बसलेली एक मुलगी होती, गोलकीपर. ही त्या बिल्डिंगमध्येच भाड्याने राहणारी, आधी नालासोपाऱ्याला होते ते लोक. घरी हिंदी, शाळेत मराठी, त्यामुळे तिचं बोलणं खिचडी. ती त्या दिवशी माझ्याबरोबर घरापर्यंत आली आणि फाटकाशी थांबून म्हणाली, "आजी, मैदान बंद झालं ना, तर मम्मी मला खालीपण नाय सोडणार. ती बोलली, फुटबॉल है तो जा, नहीं तो घर में बैठ." तिची आई मी पाहिलेली. बाई वाईट नाही, पण नव्या जागेत माणसांची भीती घेऊन बसलेली. मुलगी आठवड्यातून साडेचार तास उघड्यावर असायची, तेवढेच. ते साडेचार तास मी माझ्या तोंडाने पणाला लावून बसले होते.

आता शिकवायचं काय?

आधी मोबाइल उघडला. नातीने यूट्यूबवर एक गोरा माणूस लावून दिला. तो हिरव्यागार गवतावर नारंगी टोप्या मांडत होता आणि भराभर बोलत होता. नात मध्ये मध्ये सांगायची, "आजी, तो म्हणतो स्पेस बनवा." कसली स्पेस? मी टोप्यांच्या जागी रंगाचे रिकामे डबे मांडले. पहिल्याच दिवशी दोन मुली डब्यात पाय अडकून पडल्या. त्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वडिलांनी लिहिलं, 'काकींच्या वयाचा आदर आहे, पण कोचिंग म्हणजे पापड लाटणं नाही.' खाली चार अंगठे. मी लिहिलं, 'पापड लाटायला अक्कल लागते, तुम्ही एक लाटून दाखवा.' नातीच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने, माझ्या हातातून फोन काढून घेतला. त्या बाप्याला मी विचारलं होतं नंतर, समोरासमोर, की तू येतोस का शिकवायला? त्याला वेळ नव्हता. अंगठे देणाऱ्या चौघांनाही नव्हता.

गावात फुटबॉल जाणणारा एकच माणूस मला ठाऊक होता आणि तो माझ्या घरापासून वीस पावलांवर राहत होता. पंचाहत्तरीचा म्हातारा, तरुणपणी गावच्या टीमचा गोलकीपर. पार पापडी गावापर्यंत त्याचं नाव होतं म्हणायचे. आमचं कुंपण एक. माझ्या लग्नानंतर कित्येक वर्षं तो मला वहिनी म्हणायचा, नाताळला त्याच्या घरून करंज्या यायच्या, गणपतीला आमच्याकडून मोदक जायचे. मग बिल्डिंग झाली, बिल्डिंगवाल्यांनी खोल बोअरिंग मारली आणि तीन उन्हाळ्यांत त्याची विहीर मचूळ झाली. पानवेली करपल्या. तेव्हापासून आठ वर्षांत तो माझ्याशी चार वेळा बोलला असेल आणि चारही वेळा शाळेतल्या पुस्तकासारखं, 'आपण' लावून. आमच्या गावात शिव्या दिल्या तर समजावं अजून जवळीक आहे. गावची बोली सोडून कुणी 'आपण' म्हणायला लागला की समजावं, दार बंद.

गेले. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. तो ओट्यावर बसून चष्मा पुसत होता.

"काय काम काढलंत आपण?" तो म्हणाला.

"पोरींना फुटबॉल शिकवायचाय."

"कोणत्या पोरींना?"

"गावातल्या."

"गावातल्या, की आपल्या बिल्डिंगमधल्या?"

"बिल्डिंग माझी नाही."

"जमीन होती."

मी गप्प बसले. मला गप्प बसायला किती कष्ट पडतात हे माझ्या घरच्यांना विचारा. तो चष्मा पुसतच राहिला. मग म्हणाला, "गोलकीपर कोण आहे?"

"बिल्डिंगमधली आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

"उंच आहे?"

"वयाच्या मानाने आहे."

"हात?"

"दोन आहेत."

तो हसला नाही. "मी येईन," म्हणाला. "पण मैदानावर आपण बोलायचं नाही. मी बोलेन."

"कोच मी आहे."

"म्हणूनच."

का आला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. एक मात्र गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या शेवटच्या फायनलमध्ये एक साधा, मुलांनी मारावा तसा बॉल त्याच्या दोन पायांमधून आत गेला होता. त्यानंतर वर्षानुवर्षं पोरं त्याला बघितलं की 'दार लावा, दार लावा' असं ओरडायची. त्या दिवसापासून त्याने मैदानाकडे पाठ केली ती केलीच. टीव्हीवर वर्ल्ड कप लागला की शेजारपाजारचे सगळे जागायचे, त्याच्या घरात अंधार. ही गोष्ट मला माहीत होती आणि तिच्यातून जे कळायला हवं होतं ते मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

शिकवायला लागला तेव्हा बघण्यासारखा होता हो. आवाज एवढा मोठा की रस्त्यावरची रिक्षा थांबायची. मुलींना नावाने हाक मारायची नाही, "ए वेणी", "ए चष्मा", "ए बिल्डिंग". त्या गोलकीपर मुलीला तो शेवटपर्यंत 'बिल्डिंग' म्हणाला. मला राग यायचा. तिला येत नव्हता. ती त्याच्यासमोर छाती काढून उभी राहायची आणि तो पाच फुटांवरून तिच्या अंगावर बॉल फेकायचा. "डोळे मिटू नकोस! बॉल काय साप आहे?" आठवड्याभरात तिने डोळे मिटायचं सोडलं.

मला मात्र तो ढुंकूनही विचारत नव्हता. मी रांगोळीने मैदानाच्या रेषा आखल्या, तर म्हणाला, "लग्न आहे का आज आपल्याकडे?" मी मुलींना मध्ये लिंबूपाणी द्यायला गेले, तर म्हणाला, "पोट डुचमळतं, कळत नाही का आपल्याला?" मी मागे फिरून जग दणकन खुर्चीवर आपटला. असे आमचे तीन आठवडे गेले.

पण त्याने एक गोष्ट शिकवली आणि तेव्हा मला पहिल्यांदा फुटबॉल समजला. मुली बॉल घेऊन पुढे जायच्या आणि समोर कुणी आलं की गोंधळून कुठेही मारायच्या. एके दिवशी त्याने सगळ्यांना थांबवलं.

"गोलकीपर म्हणजे घरातली मोठी बाई," तो म्हणाला. "कुणाला काही सुधरलं नाही, की आणून तिच्या ओटीत टाकायचं. ती निस्तरेल. तुम्हाला वाट दिसत नाही? वळा, मागे द्या. बिल्डिंग, तू हातात उचल, छातीशी धर, दोन श्वास घे. तोवर या पुढे पळतील. मग लांब फेक."

अहो, काय सुंदर चाललं ते! अडचण आली की मागे द्यायचं, तिने उचलायचं, सगळ्यांनी मोकळं व्हायचं. माझ्यासारख्या चाळीस वर्षं सगळ्या घराच्या अडचणी पदरात घेतलेल्या बाईला हे न समजायला काय झालं! आम्ही दोन आठवडे तेच घोटवलं. डोळे बांधले तरी मुली मागे देतील, असं करून घेतलं.

माझी नात एकदाच म्हणाली, "आजी, पण टीव्हीवर ते मागे दिलेला बॉल हातात नाही घेत. पायानेच मारतात."

"टीव्हीवरचे पोज मारतात," म्हातारा म्हणाला.

आणि मी, मी काय म्हटलं? "मोठी माणसं शिकवतात तेव्हा मध्ये बोलू नये." तिने मान खाली घातली आणि बॉल मागे दिला.

रविवारी सकाळी चर्चची प्रार्थना आटपून लोक आले तशी मॅच सुरू झाली. भर उन्हात पण गर्दी चांगली होती. व्हॉट्सॲपवर अंगठे देणारे सगळे हजर, वेळ मिळाला होता त्यांना. रेफरी म्हणून वसईहून एक मुलगी आणली होती, पंचवीसची असेल, केस बारीक कापलेले, शिट्टी एवढी जोरात की कान दुखावेत. म्हातारा आमच्याजवळ न बसता लांब, कुंपणाला टेकून उभा. मी नवीन बूट घालून, पदर खोचून रेषेवर.

पहिल्या मॅचमध्ये आमच्या पोरी खरंच छान खेळत होत्या. शून्य-शून्य. पाच मिनिटं उरली असतील. समोरची एक दांडगी मुलगी माझ्या नातीच्या अंगावर धावून आली. नातीने शिकवल्याप्रमाणे वळून बॉल मागे दिला. गोलकीपरने शिकवल्याप्रमाणे तो उचलला, छातीशी धरला, दोन श्वास घेतले.

शिट्टी वाजली.

मला वाटलं मॅच संपली. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या, काय सांगू तुम्हाला. रेफरीने एक हात वर धरला आणि आमच्या गोलसमोरची जागा दाखवली. समोरच्यांना तिथून फ्री किक. आमच्या मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघतायत तोवर त्यांच्यातल्या एकीने बॉल हळूच सरकवला, दुसरीने मारला. गोल.

मी काही बोलायच्या आत म्हातारा कुंपण सोडून सरळ मैदानात घुसला. "हा काय प्रकार आहे?" त्याचा तो आवाज. "गोलकीपर आहे ती! गोलकीपरला हात लावता येतो! तुला शिट्टी कुणी दिली?"

"काका, बाहेर व्हा," रेफरी म्हणाली.

"मी पंधरा वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय!"

"असाल. पण आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल उचलता येत नाही. हा नियम माझ्या जन्माच्या आधी बदललाय."

आधी एक जण हसला, मग सगळे. कुणीतरी मागून ओरडलं, जुन्या माणसांपैकीच कुणीतरी असणार, "दार लावा रे, दार लावा!" आणि ज्या पोरांना त्याचा अर्थही माहीत नव्हता तीही ओरडायला लागली. म्हातारा मैदानाच्या मधोमध उभा होता. त्याचे हात गोलकीपरसारखे अर्धे वर आलेले तसेच राहिले होते.

मॅच हरलो. सेक्रेटरी पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे आला. "काकी, नियम तरी वाचायचे ना. हे कुणी शिकवलं मुलींना?"

आता इथे मी म्हणू शकले असते की मी शिकवलं. कोच मीच होते, दोन आठवडे तेच तर घोटवून घेत होते. पण ती गोलकीपर मुलगी जमिनीवर बसून पायमोजे काढत होती, जणू काही आता ते परत घालायचेच नाहीत, आणि माझं डोकं फिरलं. मी बोट केलं. सगळ्या गावादेखत म्हाताऱ्याकडे बोट केलं.

"यांनी," मी म्हटलं. "यांनी शिकवलं. तीस वर्षांपूर्वीचा खेळ."

तो ऐकून आला. आला तो माझ्या तोंडासमोर. 'आपण'बिपण सगळं गेलं त्याचं. "पाणी विकलंस!" तो म्हणाला. "तेव्हा विकलंस पाणी, आज मला विकलंस! कोण आलं होतं गो माझ्या फाटकाशी? मी आलो होतो तुझ्याकडे?"

"आले होते, चूक झाली! तुम्हाला येत नाही, तर सांगायचं होतं येत नाही!"

"तुला येतं? लिंबूपाणी करता येतं तुला!"

"निदान माझं लिंबूपाणी जुनं नसतं!"

लोक आमच्याभोवती गोल करून उभे. सून माझा दंड धरून ओढतेय. भांडणात आणखी काय काय निघालं ते लिहीत नाही, त्यात दोन्ही घरची मेलेली माणसंही आली. ते थांबलं ते रेफरीच्या शिट्टीने. "वीस मिनिटांत दुसरी मॅच आहे," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही दोघं मुलींना काही सांगणार आहात, की मी सांगू?"

तिनेच सांगितलं. आमच्या पोरींना सावलीत बसवून तिने नियम समजावला. डोक्याने किंवा छातीने आलेला चालतो, पायाने मुद्दाम दिलेला नाही, तो पायानेच मारायचा. एवढंच. दोन मिनिटं लागली तिला. मदत मागायला मी कुठे कुठे गेले आणि दोन मिनिटांचं काम होतं. पण दोन आठवडे अंगात मुरवलेलं दोन मिनिटांत निघतं का? माझी नात रडायला लागली. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणत होती, "मी सांगितलं होतं ना तुला." मी तिच्या बुटाची नाडी बांधली. ती आधीच बांधलेली होती.

दुसऱ्या मॅचला म्हातारा निघून गेला असेल असं मला वाटलं. नव्हता गेला. आमच्या गोलच्या मागे, जाळीला नाक लावून उभा होता. कुणाशी बोलत नव्हता.

त्या मॅचचं काय सांगू? बॉल सगळा वेळ आमच्याच गोलसमोर. मुली हलायलाच घाबरत होत्या. पाय उचलला तरी काही नियम मोडेल की काय, असं त्यांचं झालेलं. आणि व्हायचं तेच झालं. पुन्हा दोन मुली माझ्या नातीवर धावून आल्या, पुन्हा ती वळली आणि सवयीने बॉल मागे दिला. गोलकीपर वाकली. तिचे हात खाली गेले, बॉलपासून वीतभर असतील. मी डोळे मिटले, खोटं नाही सांगत.

"पाय!" जाळीमागून आवाज आला. "बिल्डिंग, पाय! पाय! पाय!"

तिने हात झटका बसल्यासारखे मागे घेतले आणि तसाच पाय घातला. बॉल तिरका उडाला, धावत आलेल्या मुलीच्या डोक्यावरून बाहेर गेला. ती स्वतः पाठीवर आपटली. उठून पहिल्यांदा तिने रेफरीकडे बघितलं. रेफरीने हात हलवला, खेळा.

शून्य-शून्य. तशीच संपली.

आमच्या मुली नाचायला लागल्या. मीही लागले. सेक्रेटरी येऊन उभा राहिला. "काकी, मॅच काढायची ठरली होती. ही बरोबरीत सुटली."

"काढली की," मी म्हटलं.

"काढणं म्हणजे जिंकणं."

"कुणी सांगितलं? मी बाळंतपणं काढली, नवऱ्याचं दुखणं काढलं, सासूबरोबर बावीस वर्षं काढली. त्यात जिंकले का मी कुठे? काढणं म्हणजे निभावून नेणं. तू म्हणालास काढा, आम्ही काढली."

बायका हसल्या. त्यातल्या दोघी-चौघी म्हणाल्या, बरोबर आहे, बरोबर आहे. सेक्रेटरी लाल झाला. "काकी, मैदानावरचा शब्द आहे हा. कुणालाही विचारा. यांना विचारा," आणि त्याने म्हाताऱ्याकडे हात केला. हुशार माणूस. आमच्या भांडणाला तास झाला नव्हता आणि अख्ख्या गावाने ते बघितलं होतं.

म्हातारा जाळीमागून आला. गोलकीपर मुलगी त्याच्याकडे बघत होती, तिची आई पण तोवर येऊन उभी राहिली होती, डोक्यावर ओढणी घेऊन.

"मैदानावर काढणं म्हणजे जिंकणं," तो म्हणाला. "या जिंकल्या नाहीत."

मला वाटलं, उचलावी खुर्ची आणि घालावी याच्या डोक्यात.

"बघा," सेक्रेटरी म्हणाला.

"बोलू दे. पहिली मॅच या हरल्या नाहीत. ती मी हरलो. माझा नियम जुना, मी बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. पोरींनी सांगितलं तसं केलं. सांगितलं तसं करणाऱ्या पोरींना मैदानातून हाकलायचं असेल, तर तसं बोर्डावर लिही. खाली माझं नाव घाल."

एवढं बोलून तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता काही बरं बोलेल. "आणि आपण बोट दाखवलंत ते मी विसरणार नाही," म्हणाला.

"विसरू नका," मी म्हटलं.

सेक्रेटरीने इकडेतिकडे बघितलं. बायका बघत होत्या, रेफरी कागदावर काहीतरी लिहीत बघत होती, त्याची स्वतःची बायको पण होती तिथे. बोर्डावर लिहिण्यासारखं काही त्याला सुचलं नसावं. शेवटी म्हणाला, बुधवार क्रिकेटला जाईल. सोमवार, शुक्रवार मुलींचे. मे महिन्यापर्यंत. नंतरचं नंतर. मी आणखी भांडणार होते, पण सुनेने माझ्या पायावर पाय दिला.

गोलकीपरच्या आईने मला विचारलं, "तीन का दो हुआ?"

"हो," मी म्हटलं. "तीन का दो हुआ."

मुलीच्या कोपराला खरचटलं होतं, तिथली माती तिने ओढणीने पुसली. "दो भी ठीक है," म्हणाली. पण खूश होती असं नाही. मीही नव्हते. दीड तास गेला तो गेला.

पुढच्या सोमवारी मी पाचला पाच कमी असताना गेले. माझ्या पिशवीत नियमांच्या प्रिंटा होत्या, नातीने मराठीत करून दिलेल्या. म्हातारा आधीच आला होता. त्याच्याही हातात कागद. त्याच्या मुलाने वसईतून आणून दिले असणार, रंगीत होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मुलींना रांगेत उभं करून मी म्हटलं, थ्रो-इन करताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत.

"रेषेवर चालतात का, ते सांगा," तो कागदातून डोकं वर न काढता म्हणाला.

"सांगतेय ना. रेषेच्या बाहेर हवेत."

"रेषेवरही चालतात. वाचता येतं ना आपल्याला?"

"माझ्या कागदात तसं नाही!"

"मग कागद चुकलाय. किंवा चष्मा."

मी त्याच्या हातातला कागद ओढला, त्याने सोडला नाही, कागद फाटला. नात म्हणाली, "आजी, पाच वाजून दहा झाले." माझं लक्ष नव्हतं. मी फाटलेला अर्धा त्याच्या नाकासमोर धरून त्याला ओळ दाखवत होते आणि तो मला दाखवत होता, आणि नऊच्या नऊ मुली उन्हात उभ्या राहून आमचं कधी संपतंय याची वाट बघत होत्या. मग गोलकीपरने त्यांना खूण केली आणि त्यांनी आमच्याशिवाय सुरुवात केली.